काढून टाकलेला टिल्ट

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, राग येतो. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मला माहीत असतात ते माझ्या नवऱ्यामुळे. संदीप ते मोठ्याने वाचून दाखवतो आणि मी दर वेळी मध्येच विचारते, "अरे, पण त्यांनी त्या पंख्याची वायरिंग तपासली का?" मग तो पुढचं मनातल्या मनात वाचतो. संदीप कुडाळचा. त्याच्या घरच्यांकडे अशा गोष्टींचा साठा आहे आणि माझ्याकडे प्रत्येकीचं उत्तर आहे. म्हणजे होतं.

माझा धंदाच तसा आहे. सत्तावीस वर्षं मी इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करते आहे. आधी अंधेरीला एका कंपनीत टेस्टिंगला होते, ती बंद पडल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेतला. लिफ्टचे बोर्ड, वजनकाटे, पॅकिंगची मशीनं, डेंटिस्टच्या खुर्च्या... जे येईल ते. "मॅडम, ह्याच्यात काहीतरी भूतबित आहे" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतंच. उघडून बघितलं की ते भूत म्हणजे तडकलेलं सोल्डर तरी असतं, नाहीतर मेलेलं झुरळ.

म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येते आहे. पण वर्ष होऊन गेलं आणि एक काम डोक्यातून जात नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. अंधेरी पश्चिमेला आंबोली गावठाण आहे — मोठ्या बिल्डिंगांच्या मधे अडकलेल्या बैठ्या घरांच्या गल्ल्या, नाक्यावर क्रॉस, त्याला झेंडूचा हार. तिथल्या एका घरातून एल्मा नावाच्या बाईंचा फोन आला. वडिलांचं जुनं पिनबॉल मशीन आहे, चालू करून हवं. मी म्हटलं बोर्ड घेऊन या. त्या म्हणाल्या, घर सोडून येता येत नाही, पप्पा अंथरुणावर आहेत. पिनबॉलचं मशीन मी कंपनीत असताना दोन-तीनदाच हाताळलं होतं. खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं. गेले.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी — पलंगाएवढी लांब, तिरकी पेटी, वर काच. आत एक स्टीलचा गोळा घरंगळत खाली येतो, तुम्ही दोन्ही बाजूंची बटणं दाबायची, खालचे दोन पंखे उडतात आणि गोळ्याला परत वर ढकलतात. गोळा जिथे जिथे आपटतो तिथे एकेक छोटा स्विच. आपटला की मशीनला कळतं, पॉइंट मिळतात.

एल्माचे वडील म्हणजे बेनी अंकल. सांताक्रूझला विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. एक क्लब बंद पडला तेव्हा तिथलं हे मशीन त्यांनी टेम्पोत घालून घरी आणलं, स्वतः दुरुस्त केलं आणि पुढे कित्येक वर्षं रविवारी मिस्सा झाली की अर्धं गावठाण त्यांच्या हॉलमध्ये असायचं. माझ्या त्या फेरीच्या दोन वर्षं आधी त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हातही उशीवरून उचलत नव्हते. डोळे उघडे असायचे, पण बघतायत कुठे ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, समजत असेल, नसेलही. एल्माने शाळेतली नोकरी सोडली आणि घरी बसली.

आता असं ठरत होतं की वसईला सिस्टर लोक चालवतात त्या होममध्ये अंकलना ठेवायचं. जागा मिळत होती, एक तारखेला सांगायचं होतं. भाऊ मेल्विन कॅनडात. तो रोज फोनवर हेच सांगायचा की पप्पा आता त्या शरीरात नाहीतच, तू स्वतःचं आयुष्य कशाला घालवतेस. एल्मा ना हो म्हणत होती ना नाही. पण आवराआवर सुरू झाली होती, आणि मशीन वर्सोव्याच्या एका कॅफेवाल्याला द्यायचं होतं. त्याची अट एकच — चालू हवं.

एल्मा माझ्यापेक्षा दोन-एक वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी दुसऱ्या चहाला आम्ही अगंतुगंवर आलो.

मशीन लावलं. दिवे लागले, गोळा सुटला, मी दोन्ही बटणं दाबून खेळायला लागले... आणि मिनिटाच्या आत पंखे मेले. डिस्प्लेवर टिल्ट. टिल्ट म्हणजे काय, तर कुणी मशीनला धक्के मारून गोळा वाचवायला बघितला तर आतला एक लोंबता लोलक हलतो, बाजूच्या कडीला टेकतो आणि मशीन डाव बंद करतं. लबाडीची शिक्षा. मी धक्का दिला नव्हता. परत लावलं. परत टिल्ट.

सोपं काम, म्हटलं. लोलक वाकला असेल. पेटी उघडली तर आत लोलकच नाही.

एल्मा म्हणाली, "तो पप्पानेच काढला. पोरं लहान होती, जरा धक्का लागला का गेम जायचा, रडायची."

लोलक काढलेला, त्याच्या दोन्ही वायरी मुळापासून कापलेल्या, टोकांना टेप. आता जो स्विचच नाही तो दाबला जातोय म्हणजे बोर्डाचा प्रॉब्लेम. हे एवढं एकदाच नीट सांगते, पुढे लागेल. या मशीनमध्ये प्रत्येक स्विचला वेगळी वायर नसते. आठ उभ्या तारा आणि आठ आडव्या, आणि जिथे दोन तारा भेटतात तिथे एक स्विच. आठ मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये दर मजल्यावर आठ फ्लॅट, प्रत्येकाला एक बेल, असं समजा. बोर्ड एकेका मजल्याला विचारत जातो, कुणाची बेल वाजली? प्रत्येक स्विचजवळ एक डायोड असतो, म्हणजे एका घरची बेल दुसऱ्या घरात वाजू नये. तो डायोड उडाला की तीन घरच्या बेल एकदम दाबल्यावर चौथ्या, रिकाम्या घरचीही वाजते. आमच्या धंद्यात याला भूत असंच म्हणतात. तर भूत म्हणजे उडालेला डायोड. झालं.

दोन डायोड खरंच उडालेले निघाले. बदलले. मशीन टेस्टला लावलं. टेस्टमध्ये कुठलाही स्विच दाबला की त्याचा नंबर दिसतो आणि 'टुंग' असा आवाज येतो. गोळा बाहेर काढून ठेवला होता, एकही स्विच दाबलेला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मशीन म्हणालं, टुंग. टिल्ट.

बोर्ड काढून चारकोपला आणला. दोन दिवस टेबलावर तापवला, थंड केला, ठोकला, वाकवला. एकदाही चूक नाही. शुक्रवारी आंबोलीला नेऊन बसवला, तासाभरात टुंग. चिप बदलली. टुंग. वायरींचा अख्खा कनेक्टर गंजला होता, नवा टाकला. टुंग. अर्थिंग तपासलं. फ्रिज बंद करायला लावला. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाची वेळ विचारली. गंमत म्हणजे वायरींचा कनेक्टर उपसला की आवाज येत नव्हता आणि लावला की येत होता, म्हणजे सिग्नल वायरींतूनच येत होता. पण टिल्टच्या वायरी तर कापलेल्या. मी त्या कापलेल्या टोकांकडे बघत पेटीखाली उताणी पडले होते आणि मला खरंच कुणाला तरी थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

घरी संदीप म्हणाला, "अगो, सोड तां काम." मी त्याला म्हटलं, तू गप जेव.

सोमवारी परत गेले तेव्हा एक नवा संशयित डोक्यात होता. अंकलना बेडसोअर होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, तिला छोटा पंप. असले स्वस्त पंप विजेच्या लाइनमध्ये खरखर सोडतात. मधे फक्त एक पडदा, त्यापलीकडे अंकलची खोली. मी आत जाऊन पंप बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले, हॉलमधल्या मशीनकडे कान लावून. पाच मिनिटं शांत. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. तेवढ्यात एल्मा आली, वडिलांच्या तोंडावरून ओला नॅपकिन फिरवला आणि सवयीने विचारलं, "पप्पा, पाणी देऊ?"

हॉलमधून — टुंग.

मी शिवी दिली. मनात नाही, मोठ्याने. आजारी माणसासमोर. एल्मा मात्र नॅपकिन हातात धरून तशीच उभी होती. तिने हळूच विचारलं, "पप्पा, चहा?"

टुंग.

मी म्हटलं योगायोग आहे. ती म्हणाली, मला आधीपासून वाटत होतं, पण तू हसशील म्हणून बोलले नाही. माझी सटकलीच. म्हटलं, हे बघ, हे मशीन आहे, त्यात करंट येतो आणि करंट जातो. तुझ्या वडिलांचा त्याच्याशी संबंध नाही. ती चमच्याने अंकलना पाणी पाजत राहिली. त्यांचे डोळे नेहमीसारखे छताकडे.

मंगळवारी मी गेले ती हे एकदाचं खोटं ठरवायलाच. टेस्टिंगमधली माणसं काय करतात? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे ते विचारतात. मी एल्माला म्हटलं, तू पडद्याजवळ उभी राहून विचार, मी मशीनशी बसते. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा, असं त्यांना सांग. तिने सांगितलं. मग आम्ही काहीबाही विचारलं. तुझं नाव बेनी का? तू पोस्टात होतास का? मम्मीचं गाव उत्तन? मेल्विन मोठा का मी मोठी — नाही, असं नको, मी मोठी का? बारा प्रश्न. बाराच्या बारा बरोबर. मधूनमधून काही न विचारता गप्प बसलो, तेव्हा मशीनही गप्प.

एखादा बोर्ड बारा टेस्टमध्ये पास झाला तर मी त्यावर सही करते. त्या दिवशी मी कपाळाला हात लावून बसले होते. पटत नव्हतं, आणि न पटवायला काही शिल्लकही नव्हतं. मी एल्माला म्हटलं, ही सगळी उत्तरं तुला माहीत आहेत. असं काहीतरी विचार जे तुला माहीत नाही.

ती पडदा सारून अंकलकडे वळली. मग म्हणाली, "पप्पा, तुला कुठे दुखतंय का?"

एकदा.

तिचा चेहराच बदलला. दोन वर्षांत तिने हे रोज विचारलं असेल, पण उत्तराची वाट बघून नाही. हात? दोनदा. पाठ? दोनदा. मग पाय म्हटल्यावर एकदा. डावा? दोनदा. उजवा — जो गेलेला, ज्याला काही कळत नाही असं सगळे धरून चालले होते तो? एकदा.

एल्माने चादर बाजूला केली, उजव्या पायाचा मोजा उतरवला. टाचेच्या मागच्या बाजूला, गादीला टेकते तिथे, रुपयाएवढी काळी पडलेली जखम होती. पुसताना पाय वरून पुसला जायचा, खालून कोण बघतंय. तिने पाय मांडीवर घेतला आणि 'सॉरी पप्पा, सॉरी' म्हणत राहिली. मी हॉलमध्ये येऊन मशीनचे स्क्रू आवळत बसले. सैल नव्हते.

तिने डॉक्टरला फोन केला, ड्रेसिंगला माणूस यायचं ठरलं. मी निघणार होते. चप्पल पायात होती. तेव्हा एल्मा परत पडद्याजवळ उभी राहिली आणि तिने ते विचारलं. माझं चाललं असतं तर मी विचारू दिलं नसतं.

"पप्पा, तुला वसईला ठेवायचं म्हणतात. सिस्टर लोकांकडे. तू जाशील?"

एकदा.

ती हसली. ऐकायला चुकले असतील असं तिला वाटलं असणार. तिने परत सावकाश सांगितलं, हे घर सोडून, कायमचं, मी तिथे नसणार. जायचंय?

एकदा.

"मी तुला नीट बघत नाय का?"

एकदाही नाही. मग थोड्या वेळाने, दोनदा. माझ्या डोक्यात गोंधळ झाला की याचा अर्थ काय घ्यायचा — नीट बघत नाही असं, की तसं नाही असं. एल्मालाही तेच झालं असावं. तिने प्रश्न सरळ केला. "पप्पा, मी तुला चांगलं बघते?"

एकदा. लगेच.

"मग कशाला जायचं?"

याला एक-दोनमध्ये उत्तर नव्हतं. मशीन गप्प. गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

मग एल्मा अगदी हळू म्हणाली, "माझ्यासाठी बोलतोस ना हे?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पडदा सारून हॉलमध्ये आली, मला ओलांडून भिंतीपाशी गेली आणि तिने मशीनचा प्लग उपसला. दिवे गेले.

मी म्हटलं, एल्मा, हा लूज वायरचा खेळ आहे, यावर काही ठरवू नकोस. ती म्हणाली, "टाचेचं पण लूज वायरनेच सांगितलं का?" मी पिशवी उचलली. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, उद्या ये, आणि हे नीट कर. कायमचं. मला आता काय ऐकायचं नाय.

बुधवारी गेले. जायचं मन नव्हतं, पण काम सांगितलं होतं. बोर्ड काढला, भिंग लावून एकेक सांधा परत बघितला, आणि — कनेक्टरच्या एका पिनेपाशी सोल्डरला बारीक गोल चीर. केसाएवढी. चारकोपला दोन दिवस बघूनही सुटली होती, किंवा तेव्हा नव्हती. ती बघून मला रडू यायचंच बाकी राहिलं. बघ, म्हटलं, हे असतं भूत. इस्त्री तापवली — सोल्डर वितळवायच्या तापत्या सळीला आम्ही इस्त्रीच म्हणतो — सांधा नव्याने जोडला, बोर्ड बसवला, टेस्टला लावला.

तासभर शांत. मी गोळा टाकून तीन डाव खेळले. पंखे मस्त उडत होते, घंटा वाजत होत्या. एकदाही टिल्ट नाही.

एल्मा स्वयंपाकघरातून आली. कणकेचे हात. पडद्यापाशी थांबली, आणि मला वाटतं तिने ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं — "पप्पा, पाणी?"

काही नाही.

"पप्पा, चहा देऊ?"

काही नाही. ती परत स्वयंपाकघरात गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, तीच तीच भांडी घासल्यासारखा. मी हत्यारं आवरून पिशवीत भरली. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"वैशाली, परत करता येईल का ते? होतं तसं?"

सत्तावीस वर्षांत मला असं कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता करते. जोडलेला सांधा सोडवला. नाही. ब्लेडने होती तशी चीर पाडली. नाही. जुना गंजका कनेक्टर पिशवीत होता तो परत टाकला. काढलेली चिप परत बसवली. उडालेले डायोडसुद्धा शोधून लावले. गुरुवारचा अख्खा दिवस आणि शुक्रवारची दुपार मी एक चांगलं चाललेलं मशीन बिघडवत बसले होते, आणि ते बिघडायला तयार नव्हतं. म्हणजे बाकीचे स्विच वेडेवाकडे वागत होते, दुसरेच नंबर दाखवत होते. फक्त टिल्ट येत नव्हता. एल्मा दर अर्ध्या तासाने पडद्यापाशी येऊन काहीतरी विचारायची. मशीनपेक्षा मला तिच्या आवाजाचा त्रास व्हायला लागला.

शेवटी तीच म्हणाली, पुरे. मी सगळं परत दुरुस्त केलं.

कॅफेवाला शनिवारी येऊन खेळून गेला, खूश होता. एल्माने त्याला सांगितलं, मशीन देणार नाही. वसईलाही तिने नको म्हणून कळवलं. मेल्विन महिनाभर तिच्याशी बोलला नाही. गल्लीतल्या एक बाई सकाळी चार तास यायला तयार झाल्या आणि एल्माने शाळेत सकाळचे वर्ग परत धरले. अंकलची टाच भरायला सात आठवडे लागले.

ते ऑगस्टमध्ये गेले. सकाळी शाळेला निघायच्या आधी, एल्मा त्यांना दुपारी काय करणार ते सांगत असताना. मी चर्चला गेले होते. तिथून परतताना ती मला म्हणाली की आधी दोन वर्षं मी त्याला फक्त पाणी, चहा, कूस बदलू का एवढंच विचारायचे. गेले सहा महिने सगळं बोलले. शाळेतलं, मेल्विनचं, आणि लग्न ठरून मोडलं होतं त्याचंसुद्धा. "ऐकतोय हे एकदा कळल्यावर काय लपवायचं?"

आता जे एल्माला माहीत नाही ते.

मी प्रत्येक कामाचं टिपण ठेवते — बिघाड काय होता, कुठे होता, काय केलं. त्या कामाचं टिपण मी लिहिलंच नव्हतं, चिडले होते म्हणून. अंकल गेल्यावर पुढच्या आठवड्यात एका सकाळी गाळ्यावर बसून ते लिहायला घेतलं. बोर्डाचा नकाशा समोर ठेवला. टिल्टचा खाना पहिल्या उभ्या तारेवर, तिसऱ्या आडव्या. मी जोडला तो सांधा सातव्या उभ्या तारेचा. कनेक्टरच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या चिरेचा टिल्टशी काही संबंध नव्हता, असूच शकत नव्हता. बुधवारी समोर चीर दिसली आणि आवाज थांबला, म्हणून मी तपासलंसुद्धा नाही. नवख्या पोरीसारखी.

नकाशा तीनदा परत काढला. माझे जुने साहेब आहेत, कंपनीतले, आता मुलुंडला असतात, त्यांना दाखवला. ते म्हणाले, काहीतरी राहिलं असेल बघायचं. मी म्हटलं, काय? ते विचार करून सांगतो म्हणाले, अजून सांगतायत.

म्हणजे बिघाड मी काढलाच नव्हता. मग तो गेला कसा? मंगळवारी दुपारी एल्माने प्लग उपसला, आणि त्यानंतर तो आवाज कुणीच परत ऐकला नाही. मला काय ऐकायचं नाय, असं ती बोलली तेव्हा ती हॉलमध्ये होती आणि तिच्या नि अंकलच्या मधे फक्त पडदा होता. इथपर्यंत येते आणि थांबते. यापुढचं वाक्य लिहिलं तर मी संदीपच्या घरच्यांसारखी होईन. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. करंट कुठून आला तेही नाही, आणि का थांबला तेही नाही.

गेल्या महिन्यात एल्माचा फोन आला, मशीनच्या पंख्यांची रबरं सुटलीत म्हणून. गेले, बदलली. हॉलमध्ये दोन शेजारणींची पोरं हात धुऊन रांगेत उभी होती. अंकलच्या खोलीत आता तिचं टेबल आणि वह्यांचे गठ्ठे आहेत. चहा घेताना तिने विचारलं, "तो टिल्ट परत नाय ना कधी येणार?"

मी म्हटलं, "नाही. तो सांधा मी नीट जोडलाय."

"हो," ती म्हणाली, "तुझं काम पक्कं असतं." आणि पहिल्यांदाच मला असं वाटलं की तो आवाज माझ्या जोडकामाने गेला असा मला दोष देऊन ती इतके दिवस बरी आहे. दोष माझ्याकडेच राहू दे, म्हटलं. चहा संपवला आणि निघाले.